उलट्या-जुलाबाची रात्र: चमचा, घड्याळ आणि लघवीचा हिशेब

प्रश्न: आम्ही पुण्यात धायरीला राहतो. मागच्या रविवारी नात्यातल्या साखरपुड्याला दुपारी दीडच्या सुमारास जेवलो. रात्री अडीचला आधी यजमानांना, मग चार वर्षांच्या मुलीला आणि पहाटे सासूबाईंना (वय ७१, शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू) उलट्या-जुलाब सुरू झाले. मीही तेच जेवले होते, मला काही झालं नाही. पोटाला आराम म्हणून कुणाला काही खायला दिलं नाही, लिंबू सरबत दिलं, घरात पडलेल्या जुलाबाच्या गोळ्या दिल्या. यजमान आणि मुलगी दोन दिवसांत सावरले. सासूबाईंना मात्र ॲडमिट करून सलाईन लावावं लागलं. माझं कुठे चुकलं? पुन्हा अशी वेळ आली तर घरी काय करायचं आणि दवाखाना केव्हा गाठायचा?

उत्तर:

ताई, तीन माणसं एकदम आडवी, घरात धडधाकट तुम्ही एकट्या, आणि रात्रीचे अडीच वाजलेले. अशा वेळी तुम्ही जे केलंत तेच बहुतेक घरांत होतं. सिंहगड रस्त्यावर माझा दवाखाना आहे, सव्वीस वर्षं झाली. लग्नसराईत सोमवारी सकाळी दार उघडलं की बाकावर अशीच दोन-तीन कुटुंबं बसलेली असतात. त्यामुळे मनाला लावून घेऊ नका. पण तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगते: तुमचं सगळं लक्ष जुलाब थांबवण्याकडे गेलं आणि अंगातून गेलेलं पाणी नि मीठ भरून काढायचं राहून गेलं. अन्नातून झालेली विषबाधा बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आपली आपण ओसरते. तोवर माणूस सुकू द्यायचा नाही, हे घरच्यांचं काम. तरणं माणूस थोडं सुकलं तरी निभावून नेतं. एकाहत्तर वर्षांच्या बाईंचं तसं नसतं.

पहिल्या अर्ध्या तासापासून सुरुवात करू. उलटी झाली की लगेच घोटभर पाणीसुद्धा टिकत नाही, हा अनुभव सगळ्यांना आहे, आणि मग घरचे म्हणतात, ‘काही पोटातच राहत नाही हो, देऊन काय उपयोग?’ उलटी झाल्यावर दहा मिनिटं काहीच देऊ नका. चूळ भरायला लावा, तोंड पुसा, कुशीवर निजवा. दहा मिनिटांनी चमच्यानं सुरुवात करा. ग्लास तोंडाला लावायचा नाही. पाच मिलीचा चमचा, औषधाच्या बाटलीबरोबर येतो तो, दर मिनिटाला एक. हे फारच थोडं वाटतं, पण हिशेब करून बघा. मिनिटाला पाच मिली म्हणजे तासाला तीनशे मिली, जवळजवळ दीड ग्लास. तहानलेलं मूल तोच दीड ग्लास एका दमात प्यायलं तर पोट ताणलं जातं आणि सगळं बाहेर येतं. चमच्यानं दिलेलं राहतं. मध्ये पुन्हा उलटी झाली तरी आधी गेलेल्यातलं बरंचसं आत मुरलेलं असतं, तेव्हा दहा मिनिटं थांबून परत चालू करायचं.

मागे एका आईनं माझ्या दवाखान्यातच हे करून दाखवलं. अडीच वर्षांचा मुलगा, सकाळपासून नऊ उलट्या, डोळे खोल गेलेले. ती रडवेली होऊन म्हणाली, ‘सलाईनच लावा मॅडम.’ मी तिला वाटी-चमचा दिला, समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दाखवलं आणि पुढचे पेशंट बघायला घेतले. ती खाली मान घालून मिनिटकाट्याकडे बघत चमचा देत राहिली. पाऊण तासानं पोरगा वाटीकडे हात करायला लागला. दीड तासानं त्यानं बाकावरच शू केली आणि ती बाई इतकी आनंदली की आजूबाजूचे लोक बघत राहिले. मीही आनंदले होते. अशा दुखण्यात लघवी दिसणं ही सगळ्यात चांगली बातमी असते.

आता चमच्यात काय द्यायचं? ओआरएस, आपली जलसंजीवनी. नुसतं पाणी पुरत नाही, कारण जुलाबातून पाण्याबरोबर सोडियम आणि पोटॅशियमही वाहून जातं. लिंबू सरबतात तुम्ही साखर आणि मीठ दोन्ही घातलं असेल, पण जिभेच्या अंदाजानं. इथे प्रमाणालाच महत्त्व आहे. आपल्या आतड्याच्या अस्तरात एक सोय आहे. ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आले की ती दोघांना आत ओढून घेते आणि त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. जुलाब जोरात चालू असतानाही ही सोय बहुधा शाबूत असते. साखर फार झाली तर उलट होतं, आतड्यात पाणी खेचलं जातं आणि जुलाब वाढतात. म्हणून कोल्ड्रिंक, पॅकबंद ज्यूस, दाट गोड पन्हं यांनी जुलाब लांबतात.

१९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. तिथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून ठेवलं आणि नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. तीस टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूंचं प्रमाण चार टक्क्यांच्या आत आलं. पुढे २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. ‘ओआरएसनं काय होणार’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी ही गोष्ट सांगते. तिथे पाजणारे हात घरच्यांचे होते, शिकलेल्या नर्सचे नव्हते.

पाकीट घेताना आणि कालवताना मात्र डोळे उघडे ठेवा. मोठं पाकीट साधारण एकवीस ग्रॅमचं असतं, ते पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. छोटं साधारण चार-सव्वाचार ग्रॅमचं, ते दोनशे मिली म्हणजे एका पाण्याच्या ग्लासात. पाकिटावर किती पाण्यासाठी ते छापलेलं असतं, ते वाचा. मी दोन्ही चुका पाहिल्या आहेत. मोठ्या पाकिटातली चिमूट चिमूट पूड ग्लासात टाकून दिवसभर देणारे, आणि अख्खं मोठं पाकीट एका ग्लासात ढवळून मुलाच्या तोंडात बळंच ओतणारे. दुसरी चूक धोक्याची आहे. रक्तातलं मीठ वाढून लहान मुलाला झटकेसुद्धा येऊ शकतात. मापासाठी पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली सगळ्यात बरी, तांब्याचा अंदाज नको. पाणी उकळून गार केलेलं. एकदा कालवलेलं चोवीस तासांत संपवायचं, उरलं तर टाकायचं. चव बरी लागावी म्हणून वरून साखर घालायची नाही.

पाकिटावर ‘डब्ल्यूएचओ फॉर्म्युला’ लिहिलंय का तेही बघा. फळांच्या चवीची, गोडमिट्ट, नावात ‘ओआरएस’ असलेली पेयं वर्षानुवर्षं औषधांच्या दुकानात शेजारीच मांडलेली असायची आणि आया बिचाऱ्या तीच घेऊन यायच्या. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला बंदी केली. दुकानदाराला ‘जुलाबाचं, पावडरचं’ असं स्पष्ट सांगून मागा.

रात्री पाकीट नसेल तर घरी करा. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा तोच पाच मिलीचा, आणि सपाट म्हणजे सुरीच्या पाठीनं वरचा ढीग पाडून. ढवळल्यावर स्वतः चाखा. डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागलं तर ओतून द्या आणि नवीन करा. यात पोटॅशियम नसतं, म्हणून सकाळी दुकान उघडलं की पाकीट आणायचंच. भाताची पातळ पेज मीठ घालून दिली तर फार उत्तम, आपल्या आज्या उगाच देत नव्हत्या. मीठ घातलेलं पातळ ताक चालतं. शहाळं चालतं, पण त्यात सोडियम कमी असतं, म्हणून जोडीला ओआरएस हवंच; आणि किडनीचा त्रास असलेल्यांना शहाळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

किती द्यायचं? दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर पन्नास ते शंभर मिली, दोन ते दहा वर्षांपर्यंत शंभर ते दोनशे, मोठ्यांना मागतील तितकं. हे नेहमीच्या पिण्याच्या वर. अंगावर पिणारं बाळ असेल तर अंगावरचं दूध बंद करायचं नाही, उलट जास्त वेळा पाजायचं.

खाण्याचं. ‘पोटाला आराम’ हा समज किती जुना आहे कोण जाणे, पण त्यानं नुकसान होतं. उपाशी आतडं सावरायला वेळ घेतं. उलट्या आटोक्यात आल्या की चार-सहा तासांत मऊ भात, मुगाचं वरण, केळं, दही-भात, साबुदाण्याची पेज, मूल मागेल ते थोडं थोडं द्या. तेल-तिखट दोन दिवस नको. दूध प्यायल्यावर जुलाब वाढतात असं दिसलं तर आठवडाभर दुधाऐवजी दही. पाच वर्षांखालच्या मुलाला डॉक्टरांना विचारून झिंक सुरू करा, सहा महिन्यांपुढच्या मुलाला रोज वीस मिलिग्रॅम, चौदा दिवस. जुलाब दोन दिवसांत थांबतात आणि बाटली फ्रिजच्या दारात पडून राहते. तसं करू नका, चौदा दिवस पुरे करा. त्यानं पुढच्या काही महिन्यांतले जुलाबही कमी होतात.

आता घरातल्या त्या गोळ्या. तुम्ही नाव लिहिलं नाहीत, पण पुण्यातल्या बहुतेक घरांत दोनच सापडतात: ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडॅझोलचं अर्धं पान आणि लोपेरामाइड. पहिलं अँटिबायोटिक. विषबाधेच्या बहुतेक प्रकारांत त्याचा उपयोग नसतो. काही वेळा तर आजार जंतूंनी आधीच अन्नात सोडलेल्या विषामुळे असतो, तिथे जंतू मारून काय साधणार? रक्त पडत असेल, ताप जोरात असेल, तर अँटिबायोटिक लागू शकतं, पण ते कुठलं आणि किती हे डॉक्टरांनी ठरवायचं. लोपेरामाइड आतड्याची हालचाल मंद करतं. मुलांना ते अजिबात द्यायचं नाही. मोठ्यांनाही शीमध्ये रक्त किंवा अंगात ताप असेल तर नाही, कारण जे बाहेर पडायला हवं ते आत कोंडून राहतं. पोटदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन नको. अंग सुकलेलं असताना त्या गोळ्या किडनीला इजा करतात. तापाला पॅरासिटामॉल, वजनाप्रमाणे, पुरे.

सासूबाईंच्या बाबतीत मला वाटतं खरी गडबड इथे झाली. त्या सकाळी त्यांनी शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या नेहमीसारख्या घेतल्या असणार. पोटात अन्न नाही आणि शुगर उतरवणारी गोळी आत गेली की शुगर धोकादायक खाली येऊ शकते. मेटफॉर्मिन, डापाग्लिफ्लोझिन या शुगरच्या गोळ्या, लघवी वाढवणारी गोळी, टेल्मिसार्टनसारख्या बीपीच्या गोळ्या, या सगळ्यांचा सुकलेल्या शरीरावर वेगळा परिणाम होतो. बीपी आणखी पडतं, किडनीवर ताण येतो. म्हणून अशा माणसाला उलट्या-जुलाब सुरू झाले की सकाळची पहिली गोळी देण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना फोन करायचा आणि आज यातली कुठली द्यायची, कुठली थांबवायची हे विचारायचं. इन्शुलिन चालू असेल तर आपल्या मनानं बंद करायचं नाही, तेही विचारूनच. घरात मशीन असेल तर दर चार तासांनी शुगर बघा.

‘शुगर आहे म्हणून ओआरएस दिलं नाही’ हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. दोनशे मिली ओआरएसमध्ये पावणेतीन ग्रॅम ग्लुकोज असतं, चहाच्या एका चमच्याहूनही कमी. ती साखर मीठ आत न्यायला लागतेच. द्या. बीपी आहे म्हणून मिठाला घाबरणंही त्या दिवशी सोडा, कारण मीठ अंगाबाहेर गेलेलं आहे. हार्ट फेल्युअर किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितलेल्या माणसाचं तेवढं वेगळं. त्यांच्या बाबतीत घरी प्रयोग नकोत, पहिल्या दोन-तीन जुलाबांतच फोन करा.

वयस्कर माणसाची अजून एक गोष्ट, जी फारसं कुणी सांगत नाही. अंग सुकलं की उभं राहताच बीपी पडतं. रात्रीची वेळ, घाईची लागलेली, बाथरूमची फरशी ओली. जुलाबानं आलेला पेशंट मांडीचं हाड मोडून ऑर्थोपेडिककडे जाताना मी पाहिला आहे. अशा रात्री आजींचा पलंग संडासाजवळच्या खोलीत घ्या, दिवा चालू ठेवा. उठताना आधी काठावर बसवा, दहापर्यंत मोजा, मगच हाताला धरून उभं करा. कडी आतून लावू देऊ नका. डायपर वापरायला लाज वाटत असेल तर समजूत घाला, एका रात्रीचा प्रश्न असतो.

माणूस किती सुकलाय हे घरी कळतं. शेवटची लघवी किती वाजता झाली, हा पहिला प्रश्न. मुलाला सहा तास, मोठ्याला आठ तास लघवी झाली नसेल, किंवा झाली ती गडद, चहासारखी असेल, तर थांबू नका. मुलाच्या बेंबीच्या बाजूची कातडी दोन बोटांच्या चिमटीत धरा आणि सोडा. एरवी ती लगेच सपाट होते. सुकलेल्या मुलाची सावकाश जाते, दोन सेकंदांहून जास्त वेळ घडी राहिली तर ताबडतोब निघा. वयस्करांची कातडी मुळातच सैल असते, तिथे ही खूण फसवते. त्यांची जीभ बघा कोरडी आहे का, आणि बोलणं बघा. ‘आज वार कुठला’ हे नीट सांगता येत नसेल, गुंगल्यासारख्या पडून असतील, तर सकाळची वाट बघायची नाही.

दवाखान्याची आणखी कारणं एका दमात सांगते. शीमध्ये रक्त. १०२च्या वर ताप. चमच्यानं देऊनही चार तास काहीच टिकत नाही. भाताच्या निवळीसारखे पांढरट पाण्याचे जुलाब, तासाला दोन-तीन. पोट एकाच जागी, विशेषतः उजवीकडे खाली, सतत दुखतंय. गरोदर बाई. सहा महिन्यांच्या आतलं बाळ. तीन दिवस उलटले तरी जुलाब चालूच. एकाचं दोन दिसणं, पापण्या पडणं, बोलणं जड होणं हे तर आणीबाणीचं, १०८ला फोन करा.

आणि एक इशारा कळकळीनं. जेवणानंतर उलटी, छातीखाली जळजळ, दरदरून घाम, पण जुलाब एकही नाही, आणि माणूस पन्नाशीपुढचा. याला ‘बाहेरचं बाधलं, पित्त झालं’ म्हणून सोडा-लिंबू देऊ नका. अशाच एका गृहस्थांना त्यांच्या बायकोनं रात्रभर पित्ताची औषधं दिली, सकाळी माझ्याकडे ईसीजी काढला तर हार्ट अटॅक. त्यांना वाचवता आलं, पण रात्रभराचा उशीर झालेला होता. हृदयाच्या खालच्या भागातला झटका पोटाच्या दुखण्याचं सोंग घेऊन येतो, आणि मधुमेही माणसाला छातीत दुखतंच असं नाही.

सलाईनबद्दल लोकांचा विश्वास फार आहे. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं, पोटॅशियम नसतं. तोंडानं घेता येत असेल तर ओआरएस त्याहून पूर्ण आहे. सासूबाईंना सलाईन लागलं ते योग्यच झालं, त्या वेळेला तोंडानं भरून निघण्यापलीकडे गेल्या होत्या. पण तुमच्या यजमानांसारख्या माणसाला ‘अशक्तपणा आलाय, एक बाटली लावा’ म्हणून सुई टोचून घ्यायची गरज नसते.

आता कशानं झालं असेल? दुपारी दीडचं जेवण आणि रात्री अडीचला सुरुवात, म्हणजे तेरा तास. खव्या-बासुंदीत स्वयंपाक्याच्या हातावरच्या जखमेतून स्टॅफिलोकोकस हा जंतू गेला तर त्याचं विष एक ते सहा तासांत उलटी काढतं, ते इतका वेळ थांबत नाही. मोठ्या पातेल्यातली दाट रस्साभाजी तासन् तास कोमट राहिली की क्लॉस्ट्रिडियम वाढतो आणि आठ ते सोळा तासांत पोटात मुरडा नि जुलाब सुरू होतात. साल्मोनेलाही या वेळेत बसतो. पण नोरोव्हायरसला बारा ते अठ्ठेचाळीस तास लागतात आणि कॅम्पायलोबॅक्टरला दोन ते पाच दिवस, म्हणजे गुरुवारचं खाणं-पाणीही संशयित ठरतं. म्हणून मी नेहमी तीन दिवसांचं विचारते. लोक शेवटच्या जेवणावर बोट ठेवतात आणि केटररशी भांडतात. आधी साखरपुड्याला आलेल्या चार घरांत फोन करून बघा. त्यांनाही झालं असेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य विभागाला आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवा. उरलेलं अन्न फेकलं नसेल तर झाकून फ्रिजमध्ये ठेवा, तपासणीला लागतं. तुम्हाला झालं नाही यावरून काही सिद्ध होत नाही. पातेल्यात जंतू सगळीकडे सारखे नसतात आणि प्रत्येकाचं पोटही सारखं नसतं.

तुम्ही या दुखण्यातून वाचलात, तसंच पुढेही त्यातून वाचायचं असेल तर साबणानं हात धुणं हाच उपाय आहे, वीस सेकंद, प्रत्येक वेळी. नोरोव्हायरसवर सॅनिटायझरचा भरवसा नाही. उलटी पुसायला जुनं फडकं वापरून टाकून द्या, जागा ब्लीचच्या पाण्यानं पुसा. ज्याला झालं त्यानं जुलाब थांबल्यावरही दोन दिवस स्वयंपाकाला हात लावू नये.

स्वयंपाकघरातलं एकच सविस्तर सांगते, कारण ते माझ्या जिव्हाळ्याचं आहे: रात्रीचा भात. आपण कुकर तसाच ओट्यावर ठेवतो आणि सकाळी फोडणीचा भात करतो. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. कोमट भातात ते रात्रभरात वाढतात आणि असं विष सोडतात की फोडणीत परतलं तरी ते तसंच राहतं. ‘फोडणी दिली की सगळं मरतं’ हे इथे खरं नाही. रात्री जेवणं झाली की उरलेला भात परातीत पातळ पसरा, पंख्याखाली अर्ध्या तासात गार होतो, मग डब्यात भरून फ्रिजमध्ये. सकाळी वाफ येईपर्यंत गरम करा आणि एकाच वेळी संपवा. इतकंच केलं तर फोडणीचा भात बिनधास्त खा. उन्हाळ्यात डब्यातला मसालेभात, मोठ्या पातेल्यातली आमटी, सगळ्यांना हाच नियम, बाहेर दोन तासांवर नाही.

उपासाच्या भगरीचंही ध्यानात ठेवा. नवरात्र, एकादशी, महाशिवरात्र आली की महाराष्ट्रात कुठे ना कुठे भगरीतून विषबाधा होते. दमट जागी ठेवलेल्या भगरीवर, आणि विशेषतः तिच्या पिठावर, बुरशी येते, आणि तिचं विष शिजवून जात नाही. सुटी घेऊ नका, पॅकबंद घ्या, तारीख बघा, पीठ लागेल तेवढंच दळा.

शेवटी पाणी, कारण तुम्ही धायरीच्या आहात. २०२५च्या जानेवारीत आपल्याच पट्ट्यात, सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, खडकवासला इथे गियाँ-बारे सिंड्रोमची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटून हातापायांतली ताकद जाते त्या आजाराची, साथ आली. पुणे परिसरात दोनशेहून जास्त रुग्ण झाले. त्यातल्या अनेकांना आधी जुलाब झाले होते, काहींच्या शीच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर सापडला, आणि संशयाची सुई दूषित पाण्याकडे गेली. त्या दिवसांत जिने चढता येत नाहीत म्हणून आलेले तरुण मी तपासले आहेत, ते विसरता येत नाही. टँकर किंवा बोअरचं पाणी येत असेल तर फिल्टर असला तरी पिण्याचं पाणी खळखळ उकळा, उकळी आल्यावर एक मिनिट. सोसायटीची टाकी शेवटची केव्हा धुतली ते सेक्रेटरींना विचारा आणि तारीख लिहून घ्या. हाच जंतू कच्च्या चिकनमधूनही येतो, म्हणून चिकन शिजवताना हाडाजवळ गुलाबी राहू देऊ नका, कच्चं चिकन कापलेल्या पाटावर कोशिंबीर चिरू नका.

जुलाबानंतर असं होणं अगदी क्वचितचं आहे, घाबरून जाऊ नका. पण जुलाब थांबल्यापासून तीन-चार आठवडे तिघांकडेही लक्ष असू द्या. पायांना मुंग्या, जिना चढताना गुडघ्यातून पाय दुमडणं, चप्पल पायातून निसटणं, मुलीचं एकाएकी ‘कडेवर घे’ म्हणणं, चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा होणं, घोट गिळायला जड जाणं, यातलं काहीही दिसलं तर दुसऱ्या दिवसावर टाकू नका. त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्ट आणि आयसीयू दोन्ही असलेल्या हॉस्पिटलात जा, आणि तिथल्या डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की अमुक तारखेला जुलाब झाले होते. ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहून ठेवा.